न्यूट्रलला न येणारी गाडी

पहिल्या शिरीपाशी गाडी थांबवून बास्सू तसाच बसून राहिला. डाव्या मुठीत क्लच आवळलेला, दोन्ही पाय जमिनीला टेकवलेले, नजर शिरीवर, वाट अडवायला आडव्या टाकलेल्या बोराटीच्या काट्यांवर. इंजिन फडफडत होतं. थोडा वेळ गेला आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की मागून कुणी उतरणार नाही.

रोज हे असंच व्हायचं. त्याची बायको तूदा हिवाळ्यात गेली. डोंगरावरचं बर्फ वितळलं, सातू हिरवा झाला, बांधाबांधावर गुलाब फुलले, तरी त्याच्या अंगाची सवय जात नव्हती. गाडी थांबली की पाठीला हलकं वाटायची वाट बघायचं त्याचं अंग.

त्यानं क्लच दाबून ठेवूनच पायानं गिअर वर सरकवला. दुसरा पडला. खाली दाबला, पहिला पडला. मधलं न्यूट्रल कुठं गेलं होतं कुणास ठाऊक. गाडी क्लच दाबलेला असतानाही पुढं ओढत होती, दावं ताणणाऱ्या खेचरासारखी. शेवटी त्यानं चावी फिरवली. इंजिन गपकन बंद झालं. बंद गाडी मागंपुढं हलवून हलवून त्यानं न्यूट्रल लावलं, उतरला, दुबेळक्या काठीनं शिरी बाजूला ओढली, गाडी पलीकडं ढकलली, परत येऊन शिरी लावली. मग किक. गरम इंजिन किकला दाद देत नाही. पाच-सात लाथा मारल्यावर उजव्या गुडघ्यात कळ गेली तेव्हा कुठं ते खोकत उठलं. आणि अशा शिऱ्या वाटेत तीन होत्या.

शिरी उघडी टाकून जावं असं कुणी म्हणेल. आमच्या दरीत तसं करून बघा. एखादी शेळी कुणाच्या सातूत शिरली, की जमातीच्या बैठकीसमोर उभं राहावं लागतं, आणि म्हातारे नाव घेऊन विचारतात, की तुझ्या बापानं तुला शिरी लावायला शिकवलं नाही का. त्यापेक्षा गुडघा गेलेला बरा.

तूदा होती तोवर हा प्रश्नच नव्हता. गाडीला न्यूट्रल सापडत नाही हे त्या घरात सगळ्यांनी मान्य केलं होतं, जसं छपराला पूर्वेच्या कोपऱ्यात गळती आहे हे मान्य केलं होतं. बास्सूनं क्लच दाबून बसायचं, तूदानं उतरायचं. ती शिरी काढायची, गाडी पुढं गेली की लावायची, धावत येऊन बसायची. फुलांची गोणी चढवायची तीच, पाटावर फळी टाकायची तीच. बास्सू गाडीवरून उतरायचा तो थेट घरी नाहीतर थेट फुलांच्या वजनकाट्यावर. गावात त्याला चिडवायचेही, "बास्सूचे पाय गाडीला चिकटलेत." तो हसायचा. आपली जोडी कशी जमली आहे, असं त्याला त्यात वाटायचं.

आता तिची लेक यामना कासाब्लांकाहून फोनवर एकच गोष्ट घोकत होती. "बाबा, हा गुलाबाचा हंगाम तुम्हाला एकट्यानं निभावता आला तर मी परत विषय काढणार नाही. नाहीतर मी येते आणि तुम्हाला घेऊनच जाते. रान शेजारच्या फादमाच्या नवऱ्याला वाट्यानं द्या. गाडी विका."

"निभतंय की," बास्सू म्हणायचा.

"निभतंय की नाही ते मी येऊन बघणार आहे."

तिच्या घरी तो एकदा महिनाभर राहिला होता. चौथा मजला. दिवसभर गॅलरीत बसून त्यानं समोरच्या बिऱ्हाडांची वाळत टाकलेली धुणी बघितली होती. कुणाचा सदरा कुठल्या दिवशी धुतला जातो हे त्याला पाठ झालं होतं, आणि तेवढ्या दिवसांत एका माणसानंही त्याला सलाम केला नव्हता. तिथं परत जायचं म्हणजे जिवंतपणी मातीत घालून घेण्यासारखं होतं. हे लेकीला सांगता येत नव्हतं, म्हणून तो नुसता "निभतंय की" म्हणायचा.

रानात पोचेपर्यंत उजाडून गेलं होतं. शेजारच्या बांधावर फादमा आणि तिच्या दोन जावा कधीच्या लागल्या होत्या. पदराच्या झोळ्या निम्म्या भरल्या होत्या.

"आलं का आमचं पाव्हणं?" फादमा ओरडली. "दा बास्सू, सूर्य तुमच्यासाठी थांबला न्हाई हो. आमी त्याला इनवून बघितलं."

"गाडीनं घोळ घातला."

"गाडीला न्हवरा पायजे का बायकू, इचारा की तिला."

जावा खिदळल्या. बास्सूनं मान खाली घालून कमरेला फडकं बांधलं. गुलाब तोडणं हे बायकांचं काम. पुरुषानं गोणी वाहायची, काट्यावर उभं राहायचं, भावासाठी हुज्जत घालायची. कमरेला झोळी बांधून बांधाशी वाकलेला म्हातारा आमच्याकडं कुणी बघितलेला नाही. पहिल्या दिवशी तर पलीकडच्या वाटेनं जाणारे दोघे मुद्दाम थांबून बघत राहिले होते. त्याची बोटं जाड, देठाला धरायला गेली की पाकळ्या चुरगळायच्या. तूदा दोन्ही हातांनी तोडायची, टकटक, टकटक, कोंबडी दाणे टिपते तशी. त्याचा एक हात काट्यातून सोडवण्यातच जायचा.

"देठाखाली अंगठा घाला," फादमा हसणं थांबवून म्हणाली. "असा. आन मोडा. वडू नका."

"कळतं मला."

"कळतं तर मग रगत कशाला काडताय."

थोड्या वेळानं तीच येऊन त्याच्या बांधाचं टोक तोडून गेली. थट्टेपेक्षा ते त्याला जास्त लागलं.

परतीच्या वाटेवर पुन्हा तीन शिऱ्या, पुन्हा लाथा. काट्याच्या अंगणात तो शिरला तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरून तराजूच्या पायापर्यंत आलं होतं. काटेवाल्या अद्दीनं गोणीत कोपरापर्यंत हात घातला. तिथला रिवाजच तो. हात गार निघाला तर फुलं घ्यायची, कोमट निघाला तर नाही. एकदा गोणीत ऊब धरली की आतली फुलं शिजतात, त्यांना दारूसारखा वास येतो, आणि एका गोणीनं गुलाबपाण्याचा अख्खा हौद वाया जातो.

अद्दीनं हात तसाच आत ठेवून बास्सूकडं बघितलं. दोघं एका वयाचे, एकाच मशिदीत मार खाऊन अक्षरं शिकलेले.

"आज घेतो," तो म्हणाला. "पर उद्या अशी आणलीस तर मला न्हाई म्हनावं लागंल. मग मला शिव्या द्यायच्या न्हाईत."

"गाडी थांबली की बंद करावी लागती. तिथं येळ जातुया."

"मग गाडी नीट कर. तूदा काय आता परत याची हाय व्हय?"

बोलल्यावर अद्दीची जीभ चावली गेली असावी. तो उगाचच तराजूचा साखळदंड सारखा करू लागला. बास्सूनं रिकामी गोणी घडी केली आणि निघाला.

दुपारी त्यानं अंगणात गाडी उभी करून पाना घेतला. क्लचची तार कशी आवळायची हे त्याला माहीत होतं, कारण ती सैल त्यानंच केली होती. नदीकडून सडकेवर येणारा तो चढ. यामनाच्या लग्नाच्या साली तूदा आणि दोन गोण्या घेऊन चढताना क्लच घसरला होता. इंजिन बोंबलायचं, चाक हलायचं नाही. तेव्हा त्यानं तार सोडत सोडत इतकी सोडली, की क्लच पुन्हा घट्ट धरायला लागला. मात्र तेव्हापासून लिव्हर मुठीला टेकला तरी क्लच पुरता सुटायचा नाही, आणि न्यूट्रल गेलं ते गेलंच.

आता त्यानं उलटं केलं. आवळली. अजून आवळली. लिव्हरला हात लावला की तार लगेच ताणायची. गाडी चालू केली, पायानं टिचकी मारली, आणि समोर हिरवा दिवा लागला.

बास्सूनं मूठ सोडली. गाडी जागची हलली नाही. तो खुळ्यासारखा हसला. इतक्या वर्षांत तो दिवा चालू इंजिनावर त्यानं पहिल्यांदा बघितला होता. घरात वळून हाक मारायला त्यानं तोंडही उघडलं. मग मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही शिऱ्या झटक्यात झाल्या. फादमाच्या आधी तो बांधावर होता. सूर्य वर यायच्या आत गोण्या भरल्या, बांधल्या, निघाला. नदी ओलांडली, चढ लागला. निम्म्या चढावर इंजिनाचा आवाज एकदम वर गेला आणि गाडी मंदावली. त्यानं मूठ पिळली. आवाज वाढला, गाडी थांबली. जळका वास आला, पिंपातलं रबर पेटावं तसा. लिव्हरमध्ये तसूभरही ढील उरली नव्हती, त्यामुळं मूठ सोडली तरी क्लच आतून दाबलेलाच राहत होता. हे त्याला तिथं, चढावर, घामानं डोळे चरचरत असताना कळलं. पाना घरी होता.

ढकलत न्यायची म्हटली तरी चढ लांब. एक गोणी उतरवून वर नेऊन ठेवावी, परत यावं, दुसरी न्यावी, मग गाडी. मागून फादमाच्या नवऱ्याचं खेचर आलं आणि त्याच्या फुलांसह डुलत वर गेलं. तो माणूस म्हणाला, "थांबू का?" बास्सू म्हणाला, "जा, जा, तुजी फुलं तापतील." त्यानंही फार आग्रह केला नाही. हंगामात कुणी करत नाही.

काट्यावर अद्दीनं गोणीत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. हात झग्याला पुसला आणि पुढच्या माणसाच्या गोणीकडं वळला. रांगेतले सगळे जमिनीकडं बघत होते.

ती फुलं बास्सूनं घरी नेऊन छपरावर पसरली. तांबूस, चिकट झालेली. जेवणाचं ताट करायचा कंटाळा आला म्हणून त्यानं तिथंच भाकरीचा तुकडा तेलात बुडवून खाल्ला. खाली वाटेनं बायका घरी चालल्या होत्या, एकमेकींना काहीतरी सांगत, हसत. त्यांनी वर बघितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, आणि लाजही वाटली असती. त्यांनी बघितलं नाही. फोन वाजला तेव्हा यामनाच असणार हे त्याला ठाऊक होतं. त्यानं तो वाजू दिला. एकट्यानं राहता येतं हे सिद्ध करायला निघालेल्या माणसाला बोलायला कुणीतरी हवं होतं, आणि ज्या एकीशी बोलता आलं असतं तिच्याशीच खोटं बोलावं लागणार होतं.

सडकेच्या कडेला सेक्कू मिस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक पत्रा, त्याखाली गाड्यांपेक्षा गाड्यांचे सांगाडे जास्त. त्याच दुपारी बास्सू गाडी ढकलत तिथं पोचला. सेक्कूनं नुकतीच चहाची किटली शेगडीवर ठेवली होती.

"दा बास्सू! आन चालत? सूर्य कुठनं उगवलाय आज?"

"क्लच बघ."

सेक्कूनं लिव्हर बोटानं हलवला आणि भुवया वर केल्या. "ही फाशी कुनी दिली तिला?"

"मीच आवळली. न्यूट्रल सापडंना."

"सापडलं न्हवं मग? आता चाक सापडंना झालं असंल." तो खाली बसला. "वरनं कितीबी आवळा, आतला स्क्रू हाय तो कोन बघनार? त्याचा जलम झाल्यापास्नं कुनी तोंड बघितलेलं दिसत न्हाई."

त्यानं इंजिनाच्या बाजूचं छोटं झाकण उघडलं. आतला नट सैल केला, स्क्रू हलकेच टेकेपर्यंत फिरवला आणि किंचित मागं घेतला. मग तार. लिव्हरच्या बुडाशी जी फट असते तिच्यात त्यानं खिशातून नाणं काढून घातलं.

"एवडी ढील ऱ्हायली पायजे. नाण्याच्या जाडीची. कमी न्हाई, जास्त न्हाई. आन आयका, गाडी थांबल्यावर न्यूट्रल हुडकायचं न्हाई. थांबायच्या आदी, चाक जरा फिरत असतानाच, दुसऱ्यातनं अर्धी टिचकी. अर्धी. लाथ न्हाई."

बास्सूनं करून बघितलं. पुढं जाऊन वळला, पत्र्याशी येता येता पाय हलवला. हिरवा दिवा लागला. दुसऱ्यांदा लागला. मूठ सोडली, गाडी शांत उभी. मग सडकेवरच्या सगळ्यांत उभ्या तुकड्यावर नेऊन मूठ पिळली. गाडी तक्रार न करता चढली.

तो परत आला तेव्हा किटलीला नुकती उकळी फुटत होती. सेक्कूनं त्यात पुदिना चुरडला.

"किती वर्सं चालवली अशी?"

"यामनाच्या लग्नापास्नं."

"बाप रे. आन उतरायचा कसं?"

"मी न्हाई उतरायचो," बास्सू म्हणाला. "ती उतरायची."

सेक्कूनं तोंड उघडलं होतं, काहीतरी गमतीचं येणार होतं, ते त्यानं गिळलं. किटली उंच धरून पेल्यात धार सोडली आणि पेला बास्सूपुढं सरकवला. बास्सूनं तो दोन्ही हातांत धरला. गरम होता, तरी खाली ठेवला नाही.

यामना आली ती गुरुवारी, रात्रभराच्या बसनं, डोळे सुजवून. आल्या आल्या तिनं स्वयंपाकघर बघितलं, आईची शाल खुंटीवरच आहे हे बघितलं, छपरावरची वाळकी फुलं बघितली आणि ओठ मिटले. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून ती रानात बांधावर बसून राहिली, बापाला मदत न करता. तसं तिनं आधीच बजावलं होतं.

बास्सू तोडत राहिला. बोटं अजून चुकत होती, पण अंगठा देठाखाली जात होता. फादमानं लांबून शालजोडीतला दिला, "यामना, तुज्या बापाला आमी जाऊ करून घेतलंय गं!" यामना हसली. मग रडली आणि डोळे पुसून पुन्हा हसली. तिला चालत यायला सांगून बास्सू गोण्या घेऊन पुढं गेला. ती काट्याच्या अंगणात पोचली तेव्हा अद्दी कोपरापर्यंत हात घालून उभा होता.

"गार," अद्दी मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "आतपातूर गार."

यामनानं मान हलवली. घरी येऊन तिनं शुक्रवारचं कुसकुस वाफवलं आणि दोघांच्या एकाच ताटात बापाच्या बाजूला भाज्यांचा ढीग लावत म्हणाली, "ठीक आहे. राहा. मी हरले."

बास्सूनं आनंदानं मान डोलावली. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. उद्यापासून ताटात समोरचा हात नसणार, एवढंच त्याला दिसत होतं.

परतीची बस दुसऱ्या दिवशी दुपारी सडकेवर यायची होती. पण यामनाला आईच्या थडग्यावर जाऊन यायचं होतं, आणि कब्रस्तान रानाच्या पलीकडं, त्या तीन शिऱ्यांच्या वाटेवर. तिची पिशवी पुढं टांगून बास्सूनं तिला मागं बसवलं. तिचा हात खांद्यावर पडला आणि पाठीला ते जुनं ओझं कळलं. त्यानं गाडी सावकाश घेतली.

पहिली शिरी आली. गाडी थांबायच्या आधीच यामनानं पाय खाली टाकला. माहेरी आली की दर वेळी बघितलेलं, आईसारखंच, एका हातानं झगा वर धरून.

"बस, बस," बास्सू म्हणाला. "तू नगं. बघ आता."

चाक फिरत असतानाच त्यानं अर्धी टिचकी मारली. हिरवा दिवा लागला. त्यानं दोन्ही हात वर करून तिला दाखवले, गाडीला स्टँड लावला, उतरला, शिरी ओढली. लेकीला दाखवायला म्हणून जरा ऐटीतच ओढली. मागं वळला तेव्हा यामना गाडीशेजारी उभी होती आणि दिव्याकडं बघत होती.

"ही गाडी न्यूट्रलला येते?"

"आता येती. सेक्कूनं केली."

"काय केलं? नवीन काही घातलं?"

"काय न्हाई घातलं. स्क्रू फिरवला. तार लावली."

"आई मला फोनवर सांगायची," यामना म्हणाली. "गुडघे गेले म्हणायची, दिवसभर उतरून चढून. रात्री तेल चोळत बोलायची माझ्याशी. मी म्हणायची, बाबांना सांग. तर म्हणायची, त्यांना सांगून काय करू, गाडीच तशी आहे."

बास्सूच्या हातात दुबेळकं होतं. ते त्यानं उगाचच जमिनीत रोवलं.

"मला न्हाई बोलली कदी."

"किती वेळ लागला सेक्कूला?"

खोटं सांगता आलं असतं. अर्धा दिवस म्हटलं असतं तरी तिला काय कळणार होतं.

"च्या हुईस्तोवर," तो म्हणाला.

तिनं पिशवी काढून खांद्याला अडकवली. "मी चालते," म्हणाली, आणि शिरीतून पुढं निघून गेली. बास्सूनं शिरी लावली आणि गाडी पहिल्यात टाकून तिच्या मागं मागं, पायी चालणाऱ्याच्या वेगानं जात राहिला. दुसऱ्या शिरीला ती बाजूला उभी राहिली, त्याला काढू दिली. तिसऱ्यालाही तसंच. थडग्यापाशी तिनं हात उघडून दुआ मागितली. तो चार पावलं मागं थांबला. परतताना तिच्या हातात आईच्या बांधावरचा एक गुलाब होता. तोही तिनं त्याला दिला नाही, झग्याच्या खिशात घातला. सडकेपर्यंतचा तो चढही ती चालूनच चढली, मधे एकदा गुडघ्यावर हात ठेवून थांबत.

बस आली. यामनानं बापाच्या डोक्याचं चुंबन घेतलं, नेहमीसारखं. "जेवत जा वेळेवर," म्हणाली. "फोन उचलत जा." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

बस वळणाआड गेली. सडकेवर धूळ बसली. गाडी न्यूट्रलमध्ये उभी होती, इंजिन संथ चालू, जागची हलत नव्हती. बास्सू तिच्या शेजारी उभा होता. दोन्ही हात मोकळे होते आणि ते कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.